कुपी समुद्रात उतरल्यानंतर

अंतराळातून परतणारी कुपी पॅराशूटला लटकत समुद्रावर येते, तेव्हा तिचा वेग ताशी २५ ते ३५ किलोमीटर असतो. तासाभरापूर्वी हाच वेग ताशी २८,००० किलोमीटरच्या घरात होता. चंद्राकडून येणाऱ्या कुपीच्या बाबतीत तर तो ४०,००० पर्यंत जातो. एवढ्या वेगातला बहुतेक भाग वातावरणाशी होणाऱ्या घर्षणात जिरतो, उरलेला पॅराशूट घालवतात आणि शेवटचा धक्का पाणी झेलते. पण पाण्याची मदत तेवढीच. पुढच्या क्षणापासून तेच पाणी कुपी उलटी करू शकते, तिच्यात शिरू शकते, आतल्या माणसांना बोट लागून हैराण करू शकते आणि शोधणाऱ्यांच्या नजरेआड कुपी वाहून नेऊ शकते. म्हणून कुपी पाण्याला टेकल्यापासून अंतराळवीर जहाजाच्या डेकवर येईपर्यंतचा काळ हाही उड्डाणाचाच टप्पा मानला जातो. त्या टप्प्याची शिस्त गेल्या साठ-पासष्ट वर्षांत घडत आली आहे आणि तिच्यातले बरेचसे नियम अपघातांनी शिकवलेले आहेत.

उतरायला समुद्रच का, याचे उत्तर बऱ्याच अंशी भूगोलात आहे. अमेरिकेची याने फ्लोरिडाच्या केप कॅनव्हेरलवरून पूर्वेकडे उडतात आणि उड्डाणाच्या सुरुवातीलाच काही बिघडले, तर कुपी अटलांटिक महासागरातच पडणार हे ठरलेले असते. त्यामुळे तिला तरंगता यायलाच हवे. शिवाय समुद्र अफाट. तिथे झाडे नाहीत, घरे नाहीत, विजेच्या तारा नाहीत. नेम शे-दोनशे किलोमीटरने चुकला तरी जीव वाचतो. त्यात अमेरिकेचे नौदल जगभर पसरलेले. सोव्हिएत संघाकडे कझाकस्तानची मोकळी गवताळ पठारे होती, म्हणून सोयूझ यान जमिनीवर उतरते. टेकण्याच्या अगदी आधी त्याच्या तळाची छोटी रॉकेटे पेटतात आणि धक्का कमी होतो. चीनची शेनझोऊही जमिनीवरच उतरते. अशी रॉकेटे किंवा हवेच्या उशा म्हणजे जास्तीचे वजन, आणि १९६० च्या सुमारास अमेरिकी रॉकेटांना एकेक किलो जड होत होता. समुद्रात उतरल्याने ते वजन वाचले.

अर्थात वेगाने येणाऱ्या वस्तूला पाणीही मऊ नसते. सपाट तळ पाण्यावर आडवा आपटला तर आतल्या माणसांच्या कण्याला इजा होऊ शकते. यावर अपोलो कुपीत साधा पण नामी उपाय होता. ती पॅराशूटखाली सरळ न टांगता सुमारे २७ अंशांनी तिरपी टांगली होती, त्यामुळे तळाची एक कड आधी पाण्यात घुसायची आणि बाकीचा तळ मागून यायचा. वारा आणि लाटा मनासारख्या असतील तोवर हे छान जमे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ ची कुपी झोके घेत खाली आली आणि लाटेवर वेडीवाकडी आपटली. धक्का इतका जोरदार होता की खिडकीजवळ बसवलेला कॅमेरा निसटून अॅलन बीन यांच्या डोक्यावर आदळला आणि भुवईजवळ टाके घालावे लागले.

पहिले अमेरिकी अंतराळवीर अॅलन शेपर्ड ५ मे १९६१ रोजी पंधरा मिनिटांचे उड्डाण करून अटलांटिकमध्ये उतरले आणि हेलिकॉप्टरने त्यांना कुपीसकट विमानवाहू नौकेवर आणले. सगळे इतके सुरळीत झाले की हे काम सोपे आहे असे वाटावे. अडीच महिन्यांनी, २१ जुलैला, गस ग्रिसम यांच्या ‘लिबर्टी बेल ७’ने तो समज कायमचा दूर केला.

या कुपीचे दार नव्या पद्धतीचे होते. ते ७० बोल्टांनी बसवलेले होते आणि बोल्टांभोवती स्फोटकाची बारीक वात फिरवलेली होती. आत बसलेल्या माणसाने एक खिटी जोरात दाबली की वात पेटून बोल्ट तुटत आणि दार उडून जाई. ठरलेला क्रम असा होता: हेलिकॉप्टर येईल, सहवैमानिक लांब काठीच्या कात्रीने कुपीवरची अँटेना कापेल, मग आकडा अडकवेल, हेलिकॉप्टर कुपी थोडी उचलून दार पाण्याच्या वर आणेल आणि त्यानंतरच ग्रिसम दार उडवतील. ग्रिसम आत नोंदी करत हेलिकॉप्टरची वाट पाहत होते. तेवढ्यात दार आपोआप उडाले आणि समुद्राचे पाणी आत घुसले. ते कसेबसे बाहेर पडून पोहू लागले. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने आधी कुपीकडे लक्ष दिले, कारण अंतराळपोशाख घातलेला माणूस पाण्यात तरंगतो हे सरावात दिसले होते. त्या दिवशी मात्र ग्रिसम यांच्या पोशाखातली ऑक्सिजनच्या नळीची झडप बंद करायची राहिली होती. तिच्यातून हवा बाहेर आणि पाणी आत जात होते. डोक्यावर हेलिकॉप्टरच्या पंख्याचा वारा, तोंडावर फेस आणि लाटा, पोशाखात मित्रांना आठवण म्हणून देण्यासाठी घेतलेली नाणी. ते बुडता बुडता वाचले. चार-पाच मिनिटांनी दुसऱ्या हेलिकॉप्टरने त्यांना वर ओढून घेतले. इकडे पाण्याने भरलेल्या कुपीचे वजन पहिल्या हेलिकॉप्टरला पेलेना. इंजिन तापल्याचा इशाऱ्याचा दिवा लागला आणि वैमानिकाने दोर सोडून दिला. कुपी साडेचार किलोमीटरहून जास्त खोल पाण्यात गेली. १९९९ मध्ये कर्ट न्यूपोर्ट यांच्या पथकाने ती शोधून वर काढली. आज ती कॅन्सस राज्यातल्या हचिन्सन इथल्या संग्रहालयात आहे.

ग्रिसम यांनी घाबरून दार उडवले असेल, अशी कुजबुज पुढे बरीच वर्षे चालली. ती अन्यायाची होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा यांनी आपली कुपी जहाजावर आल्यानंतर मुद्दाम खिटी दाबून दार उडवले, तेव्हा खिटीच्या उलट्या झटक्याने त्यांच्या हाताला चांगलीच जखम झाली. ग्रिसम यांच्या हातावर तसा ओरखडाही नव्हता.

या घटनेतून दोन धडे घेतले गेले. पहिला धडा माणसासंबंधी होता: आधी माणूस, मग यंत्र. दुसरा कुपीसंबंधी. तरंगणारी कुपी नुसत्या हेलिकॉप्टरच्या भरवशावर ठेवायची नाही. त्यातून रबरी कडे आले. हेलिकॉप्टरमधून पाणबुडे उडी मारतात, घडी केलेले कडे कुपीभोवती गुंडाळतात, आवळतात आणि वायूच्या नळकांड्याने फुगवतात. कडे फुगले की कुपीत पाणी शिरले तरी ती बुडत नाही. लाटांत तिचे हिंदकळणे कमी होते आणि पाणबुड्यांना पाय ठेवायला कठडाही मिळतो. उघड्या समुद्रात हे करणे कष्टाचे असते. कुपी लाटेबरोबर दोन-तीन मीटर वर-खाली होत असते, तिचा तळ अजून गरम असू शकतो आणि वारा तिला पाणबुड्यांपासून दूर ढकलत असतो. म्हणून पहिला पाणबुडा आधी कुपीला समुद्री नांगर बांधतो. हा नांगर तळाला टेकत नाही. तो पाण्यात उघडणारी कापडी पिशवी असते आणि तिच्या ओढीमुळे कुपीचे वाहत जाणे मंदावते.

नेम चुकण्याचा अनुभव मे १९६२ मध्ये आला. स्कॉट कार्पेंटर यांची ‘अरोरा ७’ ठरलेल्या जागेपुढे सुमारे ४०० किलोमीटर जाऊन पडली. काही काळ त्यांच्याशी संपर्क नव्हता आणि अमेरिकाभर लोक रेडिओला कान लावून बसले होते. कार्पेंटर मात्र कुपीच्या निमुळत्या टोकातून बाहेर पडून आपल्या लहानशा तराफ्यात शांतपणे बसून राहिले. विमानाने त्यांना शोधल्यावर दोन पाणबुडे पॅराशूटने उतरले आणि उतरल्यापासून सुमारे तीन तासांनी हेलिकॉप्टरने त्यांना उचलले. त्या काळात एका माणसासाठी किती फौजफाटा लागे, याचा अंदाज याच वर्षीच्या जॉन ग्लेन यांच्या उड्डाणावरून येतो. समुद्रात दोन डझनांच्या आसपास जहाजे तैनात होती, कारण तीन प्रदक्षिणांपैकी कुठल्याही प्रदक्षिणेच्या शेवटी त्यांना खाली यावे लागले असते.

१९६६ मध्ये जेमिनी ८ वर खरोखरच तशी वेळ आली. यान गिरक्या घेऊ लागल्याने नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांना मोहीम अर्धवट टाकून पश्चिम पॅसिफिकमध्ये उतरावे लागले. मुख्य ताफा होता अटलांटिकमध्ये. पण राखीव जागेवरही पहारा होता. विमानातून हवाई दलाच्या तीन जवानांनी उड्या मारल्या, कुपीला कडे बांधले आणि सुमारे तीन तासांनी विनाशिका येईपर्यंत ते तिथेच थांबले. जेमिनीची कुपी पाण्यात आडवी तरंगे आणि खवळलेल्या पाण्यात तिच्यात बसणे म्हणजे शिक्षाच. राखीव जागेवर कुणाला तरी तिष्ठत ठेवणे हा खर्च वाटतो खरा, पण त्या दिवशी त्याची किंमत पुरेपूर वसूल झाली.

पाण्यावर टेकल्यानंतरची पहिली काही सेकंदे आतल्या लोकांच्या हातात असतात. पॅराशूटचे दोर ताबडतोब तोडावे लागतात. उशीर झाला तर वारा पॅराशूटमध्ये भरतो आणि कुपीला ओढत नेतो किंवा पालथी करतो. अपोलो कुपी पाण्यात दोन प्रकारे स्थिर राहू शकत होती, टोक वर करून किंवा टोक खाली करून. पालथी झाली तर ती आपण होऊन सरळ होत नसे. अंतराळवीर पट्ट्यांना उलटे लोंबकळत राहत, खिडक्या पाण्याखाली जात आणि टोकाकडच्या अँटेना बुडाल्याने रेडिओही बंद पडे. यासाठी टोकाजवळ तीन पिशव्या होत्या. पंपाने त्या फुगवल्या की पाच-सहा मिनिटांत कुपी सुलटी होई. डिसेंबर १९६८ मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेली अपोलो ८ पहाटेच्या अंधारात उतरली आणि पालथी झाली. ती सरळ झाली, पण पाणबुड्यांना उजाडेपर्यंत पाण्यात सोडण्यात आले नाही. चंद्रापर्यंत जाऊन आलेली तीन माणसे विमानवाहू नौका जवळच दिसत असताना लाटांवर हेलकावत दिवस उगवण्याची वाट पाहत होती. कुपी दिसावी म्हणून तिच्यावर लुकलुकणारा दिवा असतो, पाण्यात पसरणारा हिरवा रंग असतो आणि दिशा दाखवणारा रेडिओ-संकेत असतो. तरीही माणसांना पाण्यात उतरवायचे तर उजेड हवा, हा नियम तेव्हा कटाक्षाने पाळला गेला.

अपोलो ११ ची सुटका ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत गुंतागुंतीची. त्या मोहिमेत पहिला पेच हवामानाचा होता. लष्कराच्या गुप्त उपग्रहांच्या छायाचित्रांत ठरलेल्या जागेवर जोरदार वादळी ढग तयार होताना दिसले. ती छायाचित्रे उघड करता येत नव्हती, तरीही इशारा योग्य माणसांपर्यंत पोहोचला आणि उतरण्याची जागा सुमारे ४०० किलोमीटर हलवण्यात आली. ‘हॉर्नेट’ ही विमानवाहू नौका रातोरात तिकडे निघाली. २४ जुलै १९६९ रोजी कुपी नौकेपासून सुमारे २४ किलोमीटरवर उतरली, पालथी झाली आणि पिशव्यांनी सुलटी झाली.

दुसरा पेच चंद्रावरच्या धुळीचा. चंद्रावर जीवजंतू असण्याची शक्यता फार कमी मानली जात होती, पण ती शून्य आहे असे म्हणायला कुणी तयार नव्हते. त्यामुळे तीन पाणबुड्यांनी कडे बांधून तराफे जोडल्यावर ते वाऱ्याच्या बाजूला दूर सरकले आणि निर्जंतुकीकरणाची जबाबदारी असलेला चौथा पाणबुडा क्लॅन्सी हॅटलबर्ग एकटा कुपीजवळ गेला. त्याने दार क्षणभर उघडून तीन बंदिस्त पोशाख आत टाकले आणि दार पुन्हा लावले. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स पोशाख चढवून तराफ्यात आले. दाराची बाजू आयोडीनच्या द्रावणाने पुसून काढली आणि अंतराळवीरांनी आणि पाणबुड्याने एकमेकांना जंतुनाशकाने घासून घेतले. एवढे झाल्यावर हेलिकॉप्टरने जाळीच्या पिंजऱ्यात एकेकाला वर घेतले. वापरलेले साहित्य तराफ्यासह समुद्रात बुडवण्यात आले. नौकेवर हेलिकॉप्टर उतरले ते आतल्या माणसांसकट लिफ्टने खालच्या मजल्यावर नेण्यात आले. तिथून तिघे थेट एका बंद फिरत्या घरात गेले. राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीच्या काचेबाहेरून त्यांच्याशी बोलले. पुढे १० ऑगस्टपर्यंत ते विलगीकरणात होते.

ही सगळी काळजी कागदावर चोख होती, पण तिच्यातली एक उणीव आजही खटकते. पोशाख आत टाकण्यासाठी का होईना, दार भर समुद्रात उघडले गेले होते आणि कुपीतली हवा बाहेर आली होती. चंद्रावर खरोखर काही असते, तर ते तिथेच निसटले असते. तसे काही नव्हते हे पुढे सिद्ध झाले आणि अपोलो १५ पासून विलगीकरण बंद झाले. त्याच अपोलो १५ चे तीनपैकी एक पॅराशूट उतरताना मिटले. उरलेल्या दोन पॅराशूटवर कुपी जरा जास्त जोराने, पण सुखरूप उतरली. तीन असतानाही दोहोंवर भागले पाहिजे, हे गणित त्या दिवशी प्रत्यक्ष तपासले गेले.

समुद्राशी संबंध नसलेला एक धोका मात्र या काळात नीट ओळखला गेला नव्हता. कुपीला दिशा देणाऱ्या छोट्या इंजिनांत हायड्राझीनच्या जातीचे इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरतात. दोन्ही विषारी. जुलै १९७५ मध्ये अपोलो-सोयूझ मोहिमेहून परतताना एक कळ वेळेवर न दाबली गेल्याने पॅराशूट उघडत असतानाही ही इंजिने चालू राहिली आणि हवा आत घेणाऱ्या झडपेतून टेट्रॉक्साइडचा पिवळसर धूर कुपीत शिरला. कुपी पाण्यावर पालथी झाली आणि व्हॅन्स ब्रँड बेशुद्ध पडले. टॉम स्टॅफर्ड यांनी पट्टे सोडून मुखवटे काढले आणि ब्रँड यांच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. तिघांनाही होनोलुलूच्या इस्पितळात ठेवावे लागले. पुढे ते पूर्ण बरे झाले.

सोव्हिएत अंतराळवीरांना पाण्यात उतरण्याचा अनुभव एकदाच आला, तोही नको असताना. १६ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री सोयूझ २३ हिमवादळात भरकटून कझाकस्तानातल्या तेंगिझ सरोवरात पडली. बाहेर पारा शून्याखाली २० अंशांच्या आसपास. पॅराशूट पाण्याने भरून कुपीला खाली ओढू लागले आणि दार उघडण्याची सोय उरली नाही. व्याचेस्लाव झुदोव आणि व्हॅलेरी रोझदेस्तवेन्स्की यांनी श्वासोच्छ्वास आणि वीज जपून रात्र काढली. सकाळी हेलिकॉप्टरला ती कुपी उचलता येईना, तेव्हा त्याने ती पाणी-बर्फातून ओढत किनाऱ्याला आणली. आतली माणसे जिवंत असतील याची बाहेरच्यांना फारशी आशा नव्हती. दोघे जिवंत होते.

१९७५ नंतर अमेरिकेने माणसे समुद्रात उतरवणे थांबवले. स्पेस शटल विमानासारखे धावपट्टीवर उतरे. ही विद्या पंचेचाळीस वर्षे बासनात राहिली आणि २ ऑगस्ट २०२० रोजी स्पेसएक्सच्या ड्रॅगन कुपीने ती पुन्हा बाहेर काढली. बॉब बेन्केन आणि डग हर्ली मेक्सिकोच्या आखातात, फ्लोरिडातल्या पेन्साकोलाजवळ उतरले. विमानवाहू नौकेच्या जागी आता कंपनीचे एक मध्यम आकाराचे जहाज होते. त्याच्या पाठीमागे कुपी उचलणारी मोठी कमान, डेकवर कुपी ठेवायचे गोल ठाण आणि बाजूला दवाखाना.

त्या दिवशी अनपेक्षित पाहुणे आले. कुपी उतरताच हौशी लोकांच्या खासगी बोटी तिच्याजवळ गोळा झाल्या. त्यांना ती ऐतिहासिक घटना जवळून पाहायची होती. पण कुपीच्या बाह्यभागाजवळ टेट्रॉक्साइडची वाफ आढळली होती आणि सुटका पथकाचे लोकही तिथे मुखवटे लावून वावरत होते. वाफ विरेपर्यंत दार उघडणे लांबले. पाण्यावर टेकल्यापासून दार उघडेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. पुढच्या मोहिमेपासून तटरक्षक दलाच्या बोटी वाढल्या आणि भोवतालचा दहा सागरी मैलांचा टापू मोकळा ठेवण्यात आला.

ड्रॅगनच्या सुटकेची पद्धत आता घोटून पक्की झाली आहे. सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर दोन लहान पॅराशूट उघडतात आणि दोन किलोमीटरच्या खाली चार मोठे. कुपी टेकताच दोन वेगवान बोटी निघतात. एक विषारी वाफ तपासते, दुसरी पॅराशूट बुडण्याआधी गोळा करते. मग एक-दोन माणसे हिंदकळणाऱ्या कुपीवर चढून उचलण्याचे दोर अडकवतात. जहाज उलटे सरकत कुपीपाशी येते, कमान तिला पाण्यातून उचलून ठाणावर बसवते आणि बाजूचे दार डेकवरच उघडले जाते. जुन्या पद्धतीत माणसाला भर समुद्रात दाराबाहेर, तराफ्यात आणि दोराला लोंबकळत हेलिकॉप्टरमध्ये जावे लागे. महिनोन् महिने अंतराळात राहून आलेल्या शरीराला ते झेपणारे नाही. स्नायू आणि हाडे अशक्त झालेली असतात, उभे राहताच रक्तदाब घसरून चक्कर येते आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळलेली असते. त्यात लाटांचे हेलकावे. म्हणून परतीपूर्वी अंतराळवीर मिठाचे पाणी पितात, पायांना आवळणारे कपडे घालतात आणि कुपीतून बाहेर येताना त्यांना हात देऊन थेट स्ट्रेचरवर घेतात. त्यांना तासाभरात बाहेर काढायचे, असे उद्दिष्ट असते.

सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांचा नऊ महिन्यांहून लांबलेला मुक्काम १८ मार्च २०२५ रोजी फ्लोरिडाजवळच्या पाण्यात असाच संपला. कुपीभोवती डॉल्फिन पोहत असल्याचे दृश्य जगभर पाहिले गेले. त्यानंतर ड्रॅगन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उतरू लागली. परतीआधी टाकून दिला जाणारा तिचा मागचा भाग वातावरणात पूर्ण जळत नव्हता आणि त्याचे तुकडे वस्तीच्या प्रदेशांत सापडत होते. पॅसिफिककडून आल्यास ते तुकडे समुद्रात पाडता येतात. १५ जुलै २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अॅक्सिऑम-४ मोहिमेतल्या तिघा सहकाऱ्यांसह सॅन डिएगोजवळ याच पाण्यात उतरले. राकेश शर्मा १९८४ मध्ये कझाकस्तानच्या जमिनीवर उतरले होते. समुद्रातून कुपीसह वर काढलेला पहिला भारतीय नागरिक म्हणजे शुक्ला.

चंद्राकडे जाण्यासाठी बांधलेली ओरायन कुपी उचलण्याचे काम अमेरिकी नौदलाच्या जहाजाकडे असते आणि तिच्यासाठी वेगळी युक्ती आहे. या जहाजाच्या पोटात मागच्या बाजूने उघडणारी गोदी असते. जहाज थोडे बुडवून गोदीत पाणी घेतात, पाणबुड्यांनी बांधलेल्या दोरांनी कुपी हळूहळू आत ओढतात, ती नेमकी बैठकीवर आली की पाणी उपसून टाकतात. डिसेंबर २०२२ मध्ये माणसांविना चंद्राला फेरी मारून आलेली ओरायन ‘पोर्टलँड’ जहाजाने अशीच आत घेतली. माणसे असतील तेव्हा त्यांना आधीच दाराला जोडलेल्या फुगवलेल्या तराफ्यावर घेऊन हेलिकॉप्टरने नेण्याची योजना आहे, कारण कुपी ओढण्याच्या कामाला काही तास लागतात.

भारताची गगनयान कुपीही समुद्रातच उतरणार असल्याने ही सगळी विद्या आपल्याकडे नव्याने शिकली जात आहे. सुरुवात जानेवारी २००७ मध्ये झाली. पीएसएलव्ही रॉकेटने नेलेली सुमारे ५५० किलोची छोटी कुपी बारा दिवस कक्षेत राहून २२ जानेवारीला श्रीहरिकोटाच्या पूर्वेला सुमारे १४० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात उतरली आणि तटरक्षक दलाने ती उचलली. १८ डिसेंबर २०१४ रोजी माणसांच्या कुपीच्या आकाराची, पावणेचार टनांच्या आसपासची कुपी सुमारे १२६ किलोमीटर उंचीवरून अंदमान-निकोबारजवळच्या समुद्रात उतरवण्यात आली. तिला ‘समुद्र पहरेदार’ या तटरक्षक जहाजाने परत आणले.

२१ ऑक्टोबर २०२३ ची चाचणी उड्डाणात बिघाड झाल्यास काय करायचे, याची होती. रॉकेट वर जात असतानाच कुपी त्यापासून सोडवून दूर नेण्यात आली आणि ती पॅराशूटने श्रीहरिकोटापासून सुमारे दहा किलोमीटरवर समुद्रात उतरली. नौदलाच्या ‘शक्ती’ जहाजाने आणि पाणबुड्यांनी ती बाहेर काढली. उड्डाण, सुटका, पॅराशूट हे सारे ठरल्याप्रमाणे झाले, पण पाण्यात कुपी पालथी झालेली आढळली. या चाचणीच्या कुपीत सुलटी करणाऱ्या पिशव्या नव्हत्या. माणसांना नेणाऱ्या कुपीत त्या असतील. अपोलोच्या अंतराळवीरांनी पट्ट्यांना लोंबकळत घेतलेला अनुभव भारताने रिकाम्या कुपीवर घेतला, हे चांगलेच झाले.

गगनयानच्या परतीसाठी एकूण दहा पॅराशूट आहेत. त्यांतले दोन वरचे झाकण काढतात, दोन वेग कमी करतात, तीन लहान पॅराशूट तीन मुख्य पॅराशूटना बाहेर ओढतात. मुख्य पॅराशूटचा व्यास सुमारे २५ मीटर आहे आणि तीनपैकी दोन उघडली तरी कुपी सुरक्षित उतरते. २४ ऑगस्ट २०२५ रोजी हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरमधून सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून पाच टनांच्या आसपास वजनाची नमुना कुपी सोडून ही साखळी तपासण्यात आली आणि नौदलाने ती समुद्रातून उचलून चेन्नई बंदरात आणली.

पाणबुड्यांचा सराव कोचीला चालतो. तिथल्या नौदल तळावर, आयएनएस गरुडवर, बुडणाऱ्या विमानातून बाहेर पडण्याचे शिक्षण देणारे बंदिस्त कुंड आहे. त्यात कृत्रिम लाटा, वारा, पाऊस आणि अंधार निर्माण करता येतो. कुपीच्या वजनाची आणि आकाराची प्रतिकृती तिथे सोडून पाणबुडे कडे बांधणे, दोर अडकवणे आणि आतल्या माणसांना बाहेर काढणे घोटतात. हेच काम मग उघड्या समुद्रात होते. डिसेंबर २०२४ मध्ये विशाखापट्टणमजवळ पोटात गोदी असलेल्या जहाजात कुपीची प्रतिकृती ओढून घेण्याचा सराव झाला. वाऱ्यात दोर किती ताणला जातो, कुपी गोदीच्या भिंतीला किती जवळ येते, बैठकीवर नेमकी बसायला किती वेळ लागतो, याच्या मोजण्या त्यात झाल्या. उड्डाणाच्या दिवशी अशी जहाजे आणि हेलिकॉप्टरे ठरलेल्या परतीच्या जागेवर तर असतीलच. त्याखेरीज श्रीहरिकोटाहून निघालेल्या रॉकेटच्या मार्गाखालच्या समुद्रातही त्यांना सज्ज राहावे लागेल, कारण बिघाड कुठल्या सेकंदाला होईल त्यावर कुपी कुठे पडणार हे ठरते.